लग्नाचा मुलगा नसलेले काकाजी

परतवाड्याहून डोंगराकडे तोंड केलं की जितकी गावं लागतात, तितक्या गावांत आमच्या काकाजींनी मुली पाहिल्या होत्या, आणि आमच्या घरात लग्नाचा मुलगा एकही नव्हता. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे, पेन्शन घेतलेले मास्तर. त्यांना डोंगराचं वेड. सातपुडा आमच्या दारातून दिसायचा, पण घरचं कोणी तिकडे गेलेलं नव्हतं. मी तर चौथीच्या भूगोलात त्याची रेघ तेवढी पाहिली होती. काकाजी म्हणत, "परका मानूस उगाच हिंडताना दिसला तं गाव त्याले चोर समजते. मुलगी पाहाले आला म्हटलं की पोहे करते अन् वाटही दाखवते." सोबत बाईमाणूस हवंच. काकी गुडघ्याचं कारण सांगून सुटत, म्हणून नव्या सुनेला, म्हणजे मला, बैलांच्या दमणीत बसावं लागे.

धोतरावर कॅनव्हासचे बूट घालून काकाजी निघत. वाटेत प्रत्येक नाल्यापाशी बैल थांबवून पाणी चाखत, मलाही चाखायला लावत. "मघाच्यापेक्षा गोड हाये का नाही, सूनबाई?" मी पदराआडून हो म्हणायची. मुलगी समोर आली की स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही ते विचारत नसत. "घरामांगच्या टेकडीवर चढली काय कधी? खिंडीपल्याड कोनतं गाव?" बिचारी मुलगी आईकडे पाही, आई माझ्याकडे, आणि मी पोह्यांच्या बशीकडे. उत्तर आलं नाही की काकाजी असा उसासा सोडत, जणू सोयरीकच मोडली. मग "शेत पाहून येतो" म्हणून बापाला घेऊन टेकडीवर. आत बाया मला विचारत, "मुलगा काय करते, बाई?" मी म्हणायची, "शिकून राहिला." माझा हा नसलेला दीर तीन वर्षं शिकतच होता. कुणी पोरीसाठी शेजारचं लुगडं मागून आणलेलं असे, ते मला दिसे.

चिखलदऱ्याच्या घाटाखालच्या एका गावात मात्र वेगळंच झालं. सुमन नावाची उंच, सावळी मुलगी. काकाजींनी टेकडीचं विचारलं तशी तिनं मान वर केली. "त्या टेकडीवर काही नाही जी. तिच्या मांगच्या टेकडीवर जा लागते. तिथून दोन नद्या दिसतात. चैतातबी झरा आटत नाही. अस्वल येते, पन दुपारी नाही येत."

काकाजी उठून उभे राहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुलगी पसंत हाये."

घरभर साखर वाटली गेली. तिच्या आईनं डोळे पुसत माझी ओटी भरली. परतताना मांडीवर तो नारळ घेऊन मी बसले होते. काकाजींशी आपण होऊन मी कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"काकाजी, मुलगा?"

"तोंडातून निघून गेलं, बाई."

"गावभर झालं असन आता. आपन नाही म्हटलं तं तिले कोनी पाहाले येनार नाही."

पुढे घरापर्यंत काकाजी एकाही नाल्यापाशी थांबले नाहीत.

तो सगळा उन्हाळा काकाजी सपाटीवर हिंडले. चांदूर रेल्वे झालं, अमरावती झाली, अकोला झालं. ओळखीच्या, बिनओळखीच्या घरी जाऊन "मुलगी हाये, मुलगा दाखवा" म्हणत. शेवटी अकोल्याला एक शाळामास्तर मिळाला. त्याला घेऊन ते सुमनच्या बापाकडे गेले आणि आपल्या घरात मुलगा नव्हताच, हे सांगून खाली पाहत उभे राहिले. बापानं मास्तराला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाला, "आनला ना आता. बसा." मी आत चुलीपाशी होते. सुमनच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण चहा दिला.

लग्न झालं. दिवाळीनंतर काकाजी अकोल्याला जाऊन सुमनला भेटून आले. "पोरगी सुखात हाये," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माडीवर चढून पाह्यलं. चौफेर सपाट. एक टेकाड नाही दिसत." त्यानंतर दमणी कधी जुंपली गेली नाही. काकींना वाटलं, वयानं शहाणपण आलं.

पुढे एका लग्नात सुमन भेटली, कडेवर लेकरू. "वहिनी, काकाजी आता कोनत्या डोंगरात फिरून राहिले?"

मी तिच्या लेकराचं झबलं सारखं करत म्हटलं, "तुह्याच गावाकडं जातात."

ती खूश झाली आणि उतरताना त्यांनी कोणती वाट धरावी, कुठे दगड निसरडे आहेत, ते मला सांगत बसली. मी मान हलवत राहिले.