सौम्यतेचा नमुना

बाईंनी हाक मारली तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं. तसंच बाहेर बोलावलं. चौलच्या सुपारीच्या वाडीतला त्यांचा बंगला. चर्चमधली रविवारची उपासना झाली की मंडळीतली पंचवीस-तीस माणसं दुपारी तिथे प्रार्थनेला जमायची. त्या दिवशी विषय होता रोजच्या जगण्यातली सौम्यता. बाई बोलत होत्या. छान बोलायच्या.

त्यांनी मला मधोमध उभं केलं.

"सौम्यता बघायची आहे ना? ही बघा. आमटी खारट झाली म्हणून मी हिच्यासमोर वाडगा भिरकावला होता. हिने फरशी पुसली आणि उलट माझीच माफी मागितली."

लोक कौतुकाने बघत होते. मग बाईंनी हसत माझ्या गालावर चापट मारली. जोरात नाही. पण आवाज आला.

"आता बघा हं," त्या म्हणाल्या.

आणि मी दुसरा गाल पुढे केला.

कोणी सांगितलं नव्हतं. मान आपसूक वळली. अकरा वर्षं त्या घरात राबून ती तशी वळायला शिकली होती. सगळे हसले. एका काकूंचे तर डोळे भरून आले. कोणीतरी आमेन म्हणालं. मी आत गेले आणि राहिलेल्या पोळ्या लाटल्या.

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना वाटलं, जात सुटली. कुठली सुटते? मंडळीतल्या लोकांनी ती जपून ठेवली. बाईंचं घराणंही बाटलेलंच, पण आपण मूळचे कोण, हे त्या चहा पिताना हमखास सांगायच्या. माझा चहा मागच्या पायरीवर. कप वेगळा, कान तुटलेला. चर्चमधल्या प्रभुभोजनाला मात्र सगळ्यांना एकच भाकर. तेवढ्यापुरत्या आम्ही बहिणी.

घरी आईला सांगितलं. तिचा जन्म दुसऱ्यांच्या वाडीत सुपारी सोलण्यात गेला.

"जोरात लागलं का?"

"नाही."

"मंग सोड. परभू बघतो हाय."

सोडायचा प्रयत्न केला. चार दिवस गाल पुसत होते.

आईला वाचता येत नाही. गुडघ्यांनी तिला घरी बसवलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचून दाखवते. त्या गुरुवारी येशूला धरून महायाजकापुढे, म्हणजे मुख्य धर्मगुरूपुढे, नेतात तो भाग आला. तिथे एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. माझं चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारतोस का, असं विचारतो. मी हे आधीही वाचलं होतं. नुसतं डोळ्यांनी.

आई म्हणाली, "पुना वाच."

वाचलं.

"त्यानं इचारलं?"

"विचारलं."

"शिवी दिली?"

"नाही."

"हात उगारला?"

"नाही गं. नुसतं विचारलं."

आई पदराचं टोक चुरगाळत बसली. मग म्हणाली, "मला हे कुनी सांगितलंच न्हाय."

सत्तरीची बाई. दुसरा गाल पुढे करा, हे वचन तिला तोंडपाठ. चर्चच्या पाळकांनी, मालकिणींनी, नवऱ्याने, सगळ्यांनी तेवढंच घोकून घेतलं. मला रडू आलं नाही. संताप आला. तोच भाग मी तिसऱ्यांदा वाचला, मोठ्याने.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरातून स्वतःहून बाहेर आले.

"बाई, गेल्या रविवारी तुम्ही मला मारलंत. माझं काय चुकलं होतं?"

आवाज चढवला नाही.

"अगं, गंमत केली."

"का मारलंत, बाई?"

"हिच्या डोक्यात हे कोणी भरवलंय?" त्या इतरांना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

डोळे भरून आलेल्या काकू आता फरशीकडे बघत होत्या. एकाने गीत सुरू केलं. सगळे त्यात सामील झाले. मोठ्याने. माझा प्रश्न भक्तीने बुजवला. मी त्या सगळ्यांमधून चालत पुढच्या दाराने बाहेर पडले.

सोमवारी निरोप आला, येऊ नकोस. बुधवारी पाळकसाहेब घरी आले.

"ताई, बाई दुखावल्यात. तुम्ही जरा सौम्य व्हा. एकदा माफी मागा, विषय संपेल."

आई आतून म्हणाली, "त्यांना सांगितलंत का, सौम्य व्हा म्हनून?"

"त्या मोठ्या आहेत, मावशी."

"मंग ह्यो धरम फकस्त बारक्यांचा हाय का?"

साहेब चहा न घेता उठले.

आता मी रेवदंड्याला कोळंबी सोलते. बोटं चिरतात. मंडळीतलं कोणी बोलत नाही. बाईंचं वाईट मी चिंतत नाही. उद्या त्या आजारी पडल्या तर मी पेज करून नेईन, हे मला ठाऊक आहे, आणि त्याची मला चीडही येते. पण माफी मागणार नाही. चर्चही सोडणार नाही, ते त्यांच्या एकट्यांचं नाही. मंडळीची वार्षिक सभा भरेल तेव्हा मी उठणार, माझं काय चुकलं होतं, हाच प्रश्न शांतपणे मांडणार, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.