दिवा आत नको

नवऱ्याची सरकारी नोकरी, म्हणून सासऱ्यांचा कापसाच्या जिनिंग कारखान्यातला वाटा माझ्या नावावर झाला. सही माझी, नफा घराचा, आणि तोंड बंद. आदिलाबादेत नोकरदारांच्या बऱ्याच घरी हाच प्रकार होता. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच होतं, छपरावरचे कवेलू काढून स्लॅब टाकायचा, आणि तो पुढच्या हंगामाच्या नफ्यातून.

पण शेजारीण खोकायची. तिच्या-माझ्या घरात एकच भिंत. ती आमच्याच जिनिंगात रेच्यावर कापूस टाकायची. रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र ते. हंगाम लागला की पहाटेच तिचा खोकला सुरू, आणि इकडे माझी तगमग. चहा गोड लागेना. अंगणात जायचं, परत आत यायचं, उगाच भांडी आपटायची.

एकदा तिला म्हटलं, "सोडून दे ते काम."

"मंग खाऊ काय?" ती हसली. "तुमीच सांगा ना, मालकीणबाई."

मालकीणबाई! जिव्हारी लागलं मला ते. नवऱ्याला विचारलं, तिथं धूळ ओढणारे पंखे का नाहीत? तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तुले काऊन पंचाईत? नफा येते ना बरोबर?"

पुढच्या हंगामाचा मुहूर्त आला. कापसाच्या पहिल्या गाडीची पूजा, बैलांना ओवाळणं, आणि ओवाळायचं भागीदाराच्या घरच्या बाईनं. त्या वर्षी पाळी माझी होती. पूजा कायम फाटकाशीच व्हायची. रेचे सुरू झाले की भागीदार पेढा खाऊन घरी जायचे. आत कोणी डोकावत नसे.

रेचे धडधडायला लागले आणि मला काय झालं कोण जाणे, पेटत्या निरांजनाचं तबक घेऊन मी सरळ आत निघाले. ठरवलेलं काही नव्हतं. बैलांना ओवाळलं, मग आतल्या बायांना का नाही, एवढंच मनात आलं.

सगळ्यात जुने भागीदार, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, धोतर सावरत धावले. "सूनबाई, दिवा आत नको! हवेत रुई आहे, भडका उडन!"

मी दारातच थबकले. आत सगळं पांढरं धुरकट. बाया नाकाला पदर बांधून उभ्या, त्यात माझी शेजारीण. आणि माझं डोकंच सटकलं.

"दिव्याले चालत नाई ते हवा, काकाजी, आन् यायच्या छातीले चालते?"

काकाजींनी फुंकर घालून माझा दिवा विझवला, मग बराच वेळ आत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पंखे बसवू. पण मंग यंदा नफा कोणालेच नाई. चालते?"

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो डोळ्यांनी मला नको नको म्हणत होता.

"चालते," मी म्हटलं. "वाटा माह्या नावावर आहे."

बाकीचे कुरकुरले, पण मुहूर्ताच्या दिवशी ओवाळणारीला नाही कोण म्हणणार? नवरा मात्र कितीतरी दिवस धड बोलला नाही. हात दाखवून अवलक्षण, एवढंच म्हणायचा. हल्ली बँकेतले लोक याला जबाबदार गुंतवणूक म्हणतात. आमच्या घरी त्याला डोकं फिरणं म्हणत.

पंखे बसले, हंगाम सरला, आणि श्रावणात घर गळायला लागलं. जिथे तिथे भांडी मांडली. तरी मी भिंतीला कान लावून होतेच. खोकला येतच होता. इतकं करून हे काय, असं होऊन मी नुसती येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात तीच दारात आली, हातात पातेलं. "तुमचं घर गळून राह्यलं ना? भिंतीतून आयकू येते मले." पातेलं थेंबाखाली ठेवलं आणि खोकत खाली बसली.

"पंख्यायनं काहीच फरक नाई का ग?" मी विचारलं.

"मुहूर्तानंतर मी कुठं गेली या साली? दमच पुरत नाई," ती म्हणाली. "माह्या जाग्यावर माही पोरगी गेली, सारा हंगाम. तिले खोकला नाई, बाई."