नळी काढायची राहिली होती

त्या दिवसांत मी देवावर रुसले होते असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर देव आहे की नाही याचंही मला काही वाटेनासं झालं होतं. ऐंशीच्या दशकातली, सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावातली ही गोष्ट. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. घरी धानाची शेती, ती माझे यजमान बघत. डाव्या बाजूच्या मूतखड्यानं मला दोन वर्षं छळलं आणि शेवटी भाद्रपदात नागपूरला ऑपरेशन झालं. कुशीत वीतभर चिरून खडा काढला, आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत एक बारीक नळी ठेवली. वाट मोकळी राहावी म्हणून.

सुट्टी मिळाली त्या दिवशी यजमान औषधं आणायला खाली गेले होते. तेवढ्यात डॉक्टर माझ्या खाटेजवळ आले. "दीड महिन्यानं या. ही नळी काढावीच लागते, विसरू नका. दुर्बिणीनं लघवीच्या वाटेनं काढतो, पाच मिनिटांचं काम आहे." ते निघून गेले. मला मात्र ती खोली डोळ्यांसमोर दिसायला लागली. दिव्याखालचं टेबल, चार परके पुरुष, आणि शुद्धीवर असलेली मी. यजमान वर आले, त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "बरं आहे म्हणाले. त्रास झाला तरच या."

एवढं एक वाक्य मी खोटं बोलले. पुढचे तीन महिने त्या वाक्याखाली दबून काढले.

त्रास तर पहिल्या आठवड्यापासूनच होता. लघवीला बसलं की आतून कुशीपर्यंत कळ चढायची. जळजळ अशी, की दात आवळून डोळ्यांतून पाणी यायचं. शाळेपर्यंत चालत गेलं की लघवी लाल व्हायची. शाळेत मोरी नव्हती. दर अर्ध्या तासाला वर्ग सोडून मागच्या बांधाआड जावं लागे. मुलं एकमेकांकडे बघून हसत. पाढे म्हणून घेताना मधेच माझा आवाज तुटायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता हसण्यापेक्षा वाईट होती. हळूहळू मी पाणी पिणंच कमी केलं. लघवीला कमी जावं लागेल, एवढाच विचार. त्यानं आत काय होत असेल हे मला कळत नव्हतं, आणि खरं तर कळून घ्यायचं नव्हतं.

तलावाच्या पाळीवर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा माझा सोमवार कधी चुकला नव्हता. आता मी पिंडीवर पाणी घालून म्हणायची, "ती नळी तूच आतल्या आत विरघळव. मला तिथं पाठवू नको." याला मी श्रद्धा म्हणत होते. दीड महिना उलटला, दिवाळी गेली. ताप येऊन जाऊ लागला. मग मी मागणंही सोडलं. देवळापर्यंत जायची आणि बाहेरच बसून राहायची. हात जोडायलाही नको वाटे. घरी यजमान विचारत, "कसं वाटून राहिलं?" मी म्हणे, "बरं हाये." माणूस इतक्या जवळ बसलेला आणि मी इतकी दूर. त्या एकटेपणाला आजही शब्द नाहीत.

मार्गशीर्षातला एक शनिवार होता. शाळा सकाळची. घरी न जाता मी पाळीवर जाऊन बसले. पाणी स्थिर होतं. त्याच्याकडे बघताना मनात जे आलं ते मी एकीशिवाय कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते: वाटलं, उतरावं आणि परत येऊ नये. कळ आली म्हणून मी वाकले आणि तशीच राहिले.

थोड्या अंतरावर मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातली एक बाई शिंगाड्यांचा ढीग निवडत होती. आमच्या गावची नव्हती. ती उठून आली.

"बाई, काहून अशा बसल्या जी? दुखून राहिलं का?"

"काही नाही."

"काई नाई, त ओठ कायले चावून राहिल्या?"

ती शेजारी बसली, आणि मी न विचारताच बोलू लागली. "माह्यं पहिलं लेकरू तीन दिवस अडलं. लेकरू गेलं, अन् मंग मले लघवी थांबेच नाई. सारखी गळे. लोक म्हणत, वास येते. नवऱ्यानं दुसरी केली. चार साल मी गोठ्यात राहिली, कोणाले दाखवलं नाई. मंग एका नर्सबाईनं हात धरून नागपूरले नेलं. टाके घातले, अन् थांबलं." तिनं ओले हात पदराला पुसले. "चार साल बाई. लाजेनं."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की माझ्या आत काहीतरी सुटलं. मी रडत रडत सगळं बोलून टाकलं. नळी, रक्त, ते खोटं वाक्य, समोरचं पाणी. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "नळी अजून आतच हाये ना?"

"हो."

"मंग पयले घरी सांगा. अन् उद्या चला. मी हाये संग."

तिचं नाव भागरथाबाई. तिनं मला घरापर्यंत आणलं. यजमान खळ्यात धानाचे भारे रचत होते. मी सांगितलं तेव्हा ते हातातला भारा ठेवून खालीच बसले. मग म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं? मी परका हाओ का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तुमसरवरून नागपूरला गेलो. नळीवर खड्याचा थर चढला होता. पाच मिनिटांचं काम आता राहिलं नव्हतं. भूल देऊन, दोनदा प्रयत्न करून ती काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंड गेलंच असतं. तसंही ते आता निम्मंच काम करतं. मला आत नेईपर्यंत भागरथाबाई माझा हात धरून चालत होती. दारात तिला थांबवलं, तेव्हा ती म्हणाली, "भ्याचं नाई. मी अठीच हाये." मी शुद्धीवर आले तेव्हा ती खरंच तिथंच भिंतीशी बसलेली होती.

ताप उतरायला आठवडे लागले आणि मन सावरायला त्याहून जास्त. ती बाई त्याच दिवशी, त्याच वेळी पाळीवर का होती, हे मी कधी कुणाला पटवून देत नाही. तिचे शिंगाडे तिथं होते म्हणून ती तिथं होती. मला एवढंच माहीत आहे की मी मागणं सोडलं होतं, तरी कुणीतरी उठून माझ्याजवळ आलं. देवावर भार टाकणं म्हणजे डोळे मिटून गप्प पडून राहणं, असं मी समजत होते. ते माझं भय होतं. भार टाकायचा तर आधी तो बाहेर काढून दाखवावा लागतो, आणि पुढे आलेला हात धरावा लागतो.

आता सोमवारी देवळात गेले की काही मागत नाही. हात जोडते, आणि जे दुखत असेल ते आधी सांगून टाकते.