कोणी मारलं नव्हतं

सीटी स्कॅनमध्ये माझ्या डाव्या किडनीभोवती रक्त साठलेलं दिसलं. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, घर में किसी ने मारा है क्या?"

मी गप्प राहिले.

तीन दिवस डावी कूस दुखत होती. वर्गात शिकवताना कळ आली ती थेट पाठीत गेली. घराजवळ, नानाखेड्याच्या दवाखान्यात स्टोन समजून इंजेक्शन दिलं. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, लघवीतही रक्त नव्हतं, म्हणून मग गॅस ठरला. मी कण्हत पडले की हे म्हणायचे, "पेपर तपासायची वेळ आली की तुझं काहीतरी निघतंच." तिसऱ्या सकाळी चहा घेताना खुर्चीतच शुद्ध गेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा बीपी घसरलेलं, हिमोग्लोबिन सहा.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांचं तेच बोलणं कानात होतं. मी "हो" म्हटलं नाही. "नाही"ही म्हटलं नाही. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही की कसं वाटतं, ते एकदा ह्यांनाही कळू दे, असं वाटलं.

नर्सकडून डॉक्टरांचा संशय देवासहून आलेल्या माझ्या दादाच्या कानावर गेला. हे माझ्यासाठी रक्त आणायला निघाले होते. दादाने सगळ्यांदेखत त्यांच्या थोबाडीत मारली. हे तसेच रक्तपेढीत गेले आणि दोन पिशव्या घेऊन आले.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा पाहिला. किडनीवर अँजिओमायोलायपोमा होता, म्हणजे चरबी आणि रक्तवाहिन्यांची गाठ. ती कॅन्सरची नव्हती, पण आपोआप फुटली होती. मार न लागता असा रक्तस्राव झाला, तर त्याला वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात. रक्त थांबेना, म्हणून किडनीच काढावी लागली. संमतीच्या कागदावर ह्यांनीच सही केली.

त्या डॉक्टरांमुळे मी आज जिवंत आहे. ज्यांना कुशीत अचानक कळ येते, चक्कर येते, चेहरा पांढरा पडतो, त्यांनी गॅस म्हणून घरी बसू नये, सीटीबद्दल विचारावं. आणि मार लागला का, असं डॉक्टर विचारणारच. जे खरं असेल ते तिथेच सांगावं.

दादाने माफी मागितली. टाके निघाल्यावर मीही मागितली. ह्यांनी माझ्या गोळ्या मोजून डबीत भरल्या आणि म्हणाले, "एका शब्दाचं काम होतं गं. तेवढंही तू माझ्यासाठी बोलली नाहीस."