काकींचा प्लग आणि आईची घंटी

मी भूत-देव-चमत्कार मानणाऱ्यातली नाही. आठवीतून शाळा सुटली, पण एवढी अक्कल आहे. तरी हे लिहितेय, कारण आई आज जिवंत आहे... आणि आभार नक्की कुणाचे मानायचे ते मला कळत नाही.

मी मूळची हिंगोलीकडची. विचुंबे गावात एका आगरी काकींच्या घरात, तळमजल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. मोबाईलला तिथे रेंज फक्त बोलण्यापुरती. टायपिंग शिकायला जुना कॉम्प्युटर घेतलाय. इंटरनेटचं कनेक्शन एकच, काकींचं, वरच्या मजल्यावर. तिथून प्रत्येक भाडेकरूच्या कॉम्प्युटरला वायर आलीय.

राउटर काकींच्या देवघरात आहे, कारण प्लगची जागा तिथेच, तीही एकच. दिवेलागणीला काकी राउटरचा प्लग काढतात आणि त्या जागी देवाची लाईटची माळ लावतात. आरती करायची, घंटी वाजवायची, मगच प्लग परत. तेवढा वेळ सगळ्यांचं नेट बंद. शेजारच्या खोलीतला इम्रान चिडवायचा, "काकी, देवाला पण नेट लागतं काय?" काकी म्हणायच्या, "तुज्या गेमपेक्षा त्याला जास्त कामं हायेत!"

त्या संध्याकाळी बहिणीचा दवाखान्यातून फोन आला. आईचं आतडं पिळलं होतं, डॉक्टर म्हणत होते लगेच ऑपरेशन. आणि आई अडून बसली होती — "थोरलीचं तोंड बघितल्याबिगर मी आत जाणार न्हाई." मी निघाले असते तरी सकाळ झाली असती. घाईत कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावला. दिवेलागण आहे हे डोक्यातच आलं नाही.

आई दिसली. ओठ सुकलेले.

"मला भ्या वाटतंय गं."

"मी आहे ना इथं. जा आत. बाहेर आलीस की पहिली मीच दिसेन."

तिने डोळे भरून माझं तोंड बघितलं. मग म्हणाली, "देवळाजवळ ऱ्हातीस का गं? घंटी वाजायलीय."

मला तर कुठलीच घंटी ऐकू येत नव्हती. मी नुसतं "हो" म्हटलं. तिने हात जोडले, बहिणीला म्हणाली, "चला." कॉल मी स्वतः बंद केला.

रडतच वर गेले. "काकी, आज तुम्ही प्लग काढला नाहीत, लय उपकार झाले!"

"काय बोलतंस पोरी? ह्यो बघ." माळ लागलेली होती. राउटरची वायर खाली लोंबत होती, एकही लाईट नाही. "आताच घंटी वाजवली. लावायचाच हाय अजून."

जिन्यात इम्रान उभा. "दीदी, तुमचं चालू होतं? माझं तर केव्हाचं गेलंय!" मी सांगितलं तसा तो "या अल्लाह" म्हणून पायरीवरच बसला. माझ्या कॉम्प्युटरला वायरशिवाय दुसरं नेट मिळायची सोयच नाही, हे त्यानेच नंतर दोनदा तपासून सांगितलं.

आई वाचली. आता भाकऱ्यासुद्धा थापते.

नंतर मी मुद्दाम दिवेलागणीला कॉल लावून पाहिला. काकींनी प्लग काढला की लगेच तुटतो. प्रत्येक वेळी. काकी म्हणतात, "कारन नको शोधू, ये नि दिवा लाव." म्हणून हल्ली मी वर जाते, घंटी मीच वाजवते. मग खाली येऊन आईला फोन करते.

ती रोज विचारते, "आज घंटी का न्हाई ऐकू आली?"

मी म्हणते, "लांब आहे गं ती."

त्या दिवशी ती एवढी जवळ कशी आली... तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मला अजून कळलेलं नाही.