मेतकूट-भाताचा डबा

काल एजवेअरहून आणलेलं मेतकुटाचं पाकीट फोडलं, आणि त्या वासासरशी मी स्लाऊच्या किचनमधून थेट त्या जुन्या विमानात जाऊन बसलो.

लंडन ते एडिनबरा, जेमतेम तासाभराचा प्रवास. माझा मोठा भाऊ, दादा, तिकडे राहायचा. त्या दिवशी नेहमीच्या छोट्या विमानाऐवजी लांब पल्ल्याचं अवाढव्य विमान लावलं होतं. आई म्हणाली, “अरे, मुंबईहून मी आले ते असंच होतं.” त्या रुंद सीटमध्ये ती अगदी एवढीशी दिसत होती. मांडीवर मेतकूट-भाताचा डबा, त्यावर दोन्ही हात. दादासाठीच नेतेय, असं मी धरून चाललो होतो.

दादा पहाटेच गेला होता. फोन मला आला होता. पण असं प्रवासात सांगायचं नाही, पोचल्यावर सांगायचं, ही आपल्याकडची रीत. “त्याला अ‍ॅडमिट केलंय,” एवढंच मी तिला म्हणालो होतो. एवढं मोठं विमान, आणि तोंड लपवायला जागा नव्हती. मी समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघत राहिलो.

विमान वर जातं न जातं तोच उतरायला लागलं. आईने डबा उघडून माझ्यापुढे धरला.

“खाऊन घे. त्या घरात आज चूल पेटायची नाही.”

मी तिच्याकडे न बघता खाल्लं.

इतक्या वर्षांनी, काल, लक्षात आलं की दादा मेतकुटाला कधी शिवायचासुद्धा नाही. म्हणजे तिला विमानात नाही, घरी तांदूळ धुतानाच कळलं होतं.