ओवीला दूध चालत नाही

घरात ॲलर्जीचं एक बाळ असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, येणारा प्रत्येक पाहुणा एखादा ठेवूनच जातो. राहनाळच्या आमच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत मी ते रंगवून सांगतो. माणसं हसतात, मीही हसतो. फक्त नंतर ध्यानात येतं, की बहुतेक किश्श्यांतला मूर्ख माणूस एकच आहे आणि तो डबा उघडून सगळ्यांच्या मध्ये बसलाय.

*

ओवी चार महिन्यांची असताना माझी बायको दर्शना तापाने फणफणली, म्हणून पोरीला डब्यातलं पावडरचं दूध दिलं. पहिल्या बाटलीनंतर तोंडाभोवती लाल गांधी उठल्या. दर्शना म्हणाली, "दुधामुळे झालंय." मी म्हणालो, "घामोळं आहे. भिवंडीत मे महिन्यात कोणाला येत नाही?" आणि घामोळ्याची पावडर थापली. दुसऱ्या बाटलीला ओठ सुजले.

डॉक्टर म्हणाले, "दुधाची ॲलर्जी आहे. पहिल्याच दिवशी का नाही आणलंत? घामोळं कोणी ठरवलं?" मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो, पार खालच्या ओळीपर्यंत.

*

पोरगी अंगावर पिते म्हणून दर्शनाचंही दूध, दही, तूप बंद झालं. ती पक्की चहाबाज. दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा. मी तिच्यासमोर बसून साय घातलेला चहा प्यायचो आणि वर सल्ला द्यायचो, "होईल सवय." वर्षभराने एकदा म्हणालो, "आता आवडायला लागलेला दिसतोय." ती म्हणाली, "तुम्ही एक दिवस पिऊन सांगा."

तो एक दिवस मी अजून काढलेला नाही.

*

माझी आई दिघाशीला असते. तिच्या दोन म्हशी आहेत आणि त्यांचा तिला फार अभिमान. ॲलर्जीचं सांगितल्यावर ती म्हशींच्या बाजूने भांडायला उभी राहिली. "त्या डब्यातल्या दुधाला बोल. माज्या म्हशीचं दूध पिऊन कुनाला तरास झालेला न्हाय." मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात, कुठलंही दूध नको." आईने विचारलं, "त्या डॉक्टरकडं म्हैस हाय का?"

मी पोट धरून हसलो. दर्शना हसली नाही. आईला त्याच दिवशी बसवून नीट समजवायला हवं होतं, ते मी केलं नाही.

*

सातव्या महिन्यात उष्टावण. आमच्यात मामाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाला चाटवायची. दर्शनाने मुद्दाम नारळाच्या दुधात खीर केली होती. आईने पातेल्यात डोकावून तोंड वाकडं केलं. "ही काय खीर हाय? पोरीचं उष्टावण हाय." आणि गावाहून आणलेल्या किटलीतलं दूध वाटीभर ओतलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आईने मला बघितलं आणि हळूच म्हणाली, "बोलू नको. वाटीभरच हाय." बाहेर चटईवर पाहुणे बसलेले, मेहुणा अंगठी घेऊन तयार. मला वाटलं, बोटभर खिरीने काय होतंय, उगाच चारचौघांत तमाशा कशाला. मी काही बोललो नाही.

पाच मिनिटांत ओवीचा श्वास घुरघुरायला लागला. रिक्षात ती दर्शनाच्या मांडीवर ढिली पडत चालली होती. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी ती हसली. आईने सगळ्यांसमोर रडत कबूल केलं, "मी घातलं, माजी चूक." सगळे तिला बोलले. मीसुद्धा बोललो. हा किस्सा गोदामात मी कधी सांगितलेला नाही.

तीन महिन्यांनी दर्शनाला खरं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही दारात होतात, हे आईंनी मला त्याच दिवशी सांगितलं." मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही सांगताय का, ते बघत होते."

तेव्हापासून दर्शनाला कुठे जायचं असलं की दिघाशीहून आई येते. पोरीला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावते. ओवीला एकटीला माझ्याकडे ठेवून दर्शना कुठे गेली नाही.

*

मी बिस्किटांच्या गोदामात सुपरवायझर आहे. आठ वर्षं खोकी मोजली, पण पुड्याच्या मागची बारीक अक्षरं कधी वाचली नव्हती. आता पुडा हातात आला की उलटा करतो. आमचा मुकादम रमजानभाई म्हणतो, "साहब, ट्रक भरना है या इम्तिहान देना है?"

एकदा त्यानेच एक पुडा आणून टेबलावर ठेवला. "बेटी के लिए. दूध नहीं है इसमें, दो लोगों से पढ़वाया." रमजानभाईला वाचता येत नाही. मला येतं.

*

गेल्या महिन्यात दर्शनाच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला पडघ्याला जाणं भागच होतं. आईचा गुडघा सुजलेला. त्यामुळे अडीच वर्षांची ओवी पहिल्यांदाच दिवसभर माझ्याकडे. काय द्यायचं, काय नाही, ते दर्शनाने तीनदा सांगितलं, मी तीनदा म्हणून दाखवलं.

अकरा वाजता ओवीला भूक लागली. मी साबणाने हात धुतले आणि केळं सोलून दिलं. केळं ती रोज खाते. तिने ते हातात धरलं, माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि माझा फोन घेऊन आली.

"आईला विचार."

"अगं, केळं आहे."

"आईला विचार."

मी फोन लावला. दर्शनाने घाबरून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. केळं खाऊ का, विचारतेय." मग ती म्हणाली, "स्पीकरवर टाका."

"ओवी, खा गं बाळा. बाबांनी दिलंय ना? चालतं."

ओवीने फोनजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "आई, तू बघितलंस?"

"हो," दर्शना म्हणाली, "मी बघितलं."

मग ओवीने केळं खाल्लं.